आंबोलीच्या एकेचाळीस कुप्या : बडोद्यातल्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आज फ्रीझरचा सगळ्यात खालचा कप्पा माझ्या ताब्यात दिला. पुठ्ठ्याच्या डबीत ४१ छोट्या ट्यूब. प्रत्येकीत इथेनॉल आणि तळाशी बेडकाच्या बोटाचं टोक, तांदळाच्या कणीएवढं. झाकणांवर मार्करने १ ते ४१ आकडे, आणि डबीवरच्या चिकटपट्टीवर एवढंच: ‘इंडिराना, आंबोली, २०१९’. माझ्या आधी लॅबमध्ये हे काम करणाऱ्या दादाने वनखात्याची रीतसर परवानगी काढून त्या पावसाळ्यात हे गोळा केलं. पुढे तो नोकरीला लागला आणि डबी इथेच राहिली.

माझ्या वाट्याला आलेला प्रश्न सांगायला सोपा आहे. हे ४१ बेडूक एकाच जातीचे आहेत का? आणि असतील, तर त्यांच्यात आपसांत किती फरक आहे?

इंडिराना हे उड्या मारण्यात पटाईत असलेले सह्याद्रीचे छोटे बेडूक. रॅनिक्झॅलिडी हे त्यांचं कुल भारताबाहेर कुठेही नाही. आंबोलीहून २०१४ साली इंडिराना चिरावासी या जातीचं वर्णन झालं. जांभ्याच्या भेगांत, चिरांत राहणारा म्हणून चिरावासी. नाव ऐकलं की बेडूक कुठे शोधायचा ते कळतं, अशी नावं मला फार आवडतात. २०१९ मध्ये दादाला आंबोलीत जे इंडिराना दिसले, ते सगळे त्याने चिरावासीच धरले असणार. मीही तेच धरून सुरुवात करतेय, पण वहीत मात्र तसं लिहीत नाहीये.

घरी सांगितलं तर आजोबा म्हणाले, “ट्यूब काय म्हणतेस, कुपी म्हण.” म्हणून या नोंदींत कुपी.

११ जुलै, गुरुवार

सगळ्या कुप्यांतलं इथेनॉल बदललं. ४, २८ आणि ३६ कोरड्या निघाल्या. झाकणं नीट बसली नव्हती, पाच वर्षांत सगळं उडून गेलं. तळाशी करपलेल्या मोहरीसारखं काहीतरी चिकटलंय. त्या तिन्ही बाजूला ठेवल्या. उरल्या ३८.

शब्दांबद्दल एक नोंद, नाहीतर पुढे माझाच गोंधळ होईल. वर्तमानपत्रात ‘बेडकाची नवी प्रजाती सापडली’ असं छापतात. मराठी विश्वकोशात मात्र जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस. वर कुल, त्याच्या वर गण. मी विश्वकोशाप्रमाणे लिहिणार. इंडिराना ही प्रजाती, चिरावासी ही तिच्यातली जाती.

१७ जुलै, बुधवार, आषाढी

सुट्टी घेतली नव्हती, पण आजीने खिचडी झाल्याशिवाय सोडलं नाही. खाता खाता आजोबांनी विचारलं, “तुमच्या बेडकांची नावं सारखी बदलतात कशी गं? आम्ही वर्गात राना टिग्रिना चिरला. सगळ्या बडोद्यातल्या पोरांनी तोच चिरला. आता तो राना नाही म्हणतात.”

आजोबा चाळीस वर्षं विज्ञान शिकवत होते. प्रश्न वरवरचा नव्हता, म्हणून मी ताट बाजूला ठेवून उत्तर दिलं.

तो मोठा बैलबेडूक आता हॉप्लोबॅट्राकस टायगेरिनस. जातीचं नाव १८०२ पासून तेच आहे, आडनाव बदललं. जुन्या काळी बेडकाची बोटं, दात, कातडी बघून गट पाडत. पाणथळीत राहणारा, लांब पायांचा, कातडी जरा गुळगुळीत असलेला कुठलाही बेडूक दिसला की राना. पण सारख्या जागी सारखं जगणाऱ्या प्राण्यांचे देह सारखे होतात, नातं नसलं तरी. जनुकं वाचायला लागल्यावर दिसलं की या ‘राना’ मंडळींत कित्येक वेगळी घराणी एकत्र कोंबली होती. आज दख्खनच्या पठारावर खऱ्या अर्थाने राना म्हणावा असा एकही बेडूक उरलेला नाही. इंडिरानाही आधी त्यातच होता, मग १९८६ साली त्याची वेगळी प्रजाती झाली. २०१६ साली तिचेही दोन भाग पडले; काही जाती वॉकेराना या नव्या प्रजातीत गेल्या. सॅली वॉकर या प्राणिसंग्रहालयांसाठी काम करणाऱ्या बाईंच्या नावावरून.

“म्हणजे आम्ही पोरांना चुकीचं शिकवलं?”

“नाही आजोबा, तेव्हा जेवढं दिसत होतं तेवढं बरोबर शिकवलंत.”

त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसलं. रात्री झोपताना म्हणाले, बेडकाचे पाय परदेशी जायचे ते कधी बंद झालं? म्हटलं, १९८७. तर म्हणाले, “हां. त्याच सुमारास आम्हाला बेडूक मिळेनासे झाले होते.”

२३ जुलै, मंगळवार

डीएनए काढायला घेतला. १२ कुप्या आज, बाकीच्या पुढच्या दोन खेपांत.

बोटाचं टोक इथेनॉलमधून काढून टिपकागदावर ठेवायचं, ब्लेडने बारीक करायचं. प्रत्येक नमुन्याला नवं ब्लेड. मग लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण), प्रोटिनेज-के (प्रथिनं विरघळवणारं एन्झाइम) आणि रात्रभर ५६ अंश. सकाळपर्यंत मांस विरघळतं. कधी तळाशी नखासारखा कण राहतो, तो राहू द्यायचा. त्यानंतर मीठ, सेंट्रिफ्यूज, थंड इथेनॉल.

हे मोठ्या प्राण्याच्या यकृतावर केलं तर डीएनएचा पांढरा धागा डोळ्यांना दिसतो. बोटाच्या टोकात एवढा डीएनए नसतो, दिसत काहीच नाही. म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये सगळ्या कुप्यांच्या झाकणाची बिजागरी बाहेरच्या बाजूला ठेवते. म्हणजे न दिसणारी गोळी बिजागरीच्या खालच्या भिंतीलाच बसलीय हे ठाऊक असतं, आणि इथेनॉल ओतताना पिपेटचं टोक समोरच्या भिंतीला लावते. दादाने शिकवलेली गोष्ट. ती वहीत कुठेच नव्हती, फोनवर कळली.

३० जुलै, मंगळवार

पहिला पीसीआर, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. मायटोकाँड्रियातलं (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातलं) १६एस जनुक, त्याचा साधारण ५५० बेस पेअरचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) तुकडा. उभयचरांसाठी २००५ पासून हाच तुकडा जात ओळखायचा ‘बारकोड’ म्हणून सुचवला गेला, कारण प्राण्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकावर बेडकांत प्रायमर, म्हणजे प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, नीट बसत नाहीत. प्रायमरच्या जागीच फरक फार. १६एसच्या दोन्ही कडा मात्र बेडकाबेडकांत जवळजवळ सारख्या असतात.

३५ फेऱ्या, प्रायमर चिकटण्यासाठी ५३ अंश. दीड टक्क्याचं ॲगारोज जेल. यूव्ही लावल्यावर ओळीने बँड, डीएनएच्या चमकत्या रेघा, सुंदर, स्वच्छ. आणि शेवटच्या खणात, जिथे फक्त पाणी घातलं होतं, तिथेही बँड.

निगेटिव्ह कंट्रोलला बँड म्हणजे कुठूनतरी डीएनए घुसला. म्हणजे बाकीच्या १२ वरही विश्वास ठेवता येत नाही, कितीही सुंदर असले तरी. सगळे फेकले. वाईट वाटलं. बोटाचं एक टोक म्हणजे त्या बेडकाकडून घेतलेली वस्तू आहे, त्यातला थोडा भाग आज वाया गेला.

२ ऑगस्ट, शुक्रवार

पाण्यातच होतं. सगळ्यांनी मिळून वापरलेली एक बाटली. आता माझं पाणी छोट्या कुप्यांत वाटून ठेवलंय. एक कुपी एका दिवसापुरती, उरलं तर टाकायचं. पिपेट ब्लीचने पुसले, टेबल पुसलं. पीसीआर भरण्याची जागा आणि जेल चालवण्याची जागा खोलीच्या दोन टोकांना नेली. लॅबमधले काका म्हणाले, “हवे बराबर.” आता ठीक, म्हणजे.

९ ऑगस्ट, शुक्रवार

३८ पैकी ३५ ला बँड. निगेटिव्ह कोरा, पॉझिटिव्ह कंट्रोलला (जिथे बँड यायलाच हवा त्या नमुन्याला) बँड. पॉझिटिव्हसाठी इथल्या साध्या भेकाचा जुना डीएनए वापरतेय, लॅबमध्ये आधीपासून होता.

बाहेर पाऊस लागलाय. दांडिया बाजारातून निघताना मोरीत झाडबेडूक होता, नळाच्या मागे, नेहमीचा. आंबोलीत वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडे जेमतेम ९०० च्या आसपास. तरी जुलै-ऑगस्टात मोरीत त्याची हजेरी चुकत नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार

चार दिवस वही उघडली नाही. २६ ला गोकुळाष्टमी, त्याच दिवशी पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि विश्वामित्री चढत गेली. पातळी ३५ फुटांच्या पुढे गेली. नदीकाठच्या वस्त्यांत पहिला मजला पाण्यात. रस्त्यांवर मगरी. आमच्याकडे पाणी आलं नाही, पण आत्याकडे कमरेएवढं होतं, ती दोन दिवस गच्चीवर. तिला काल घरी आणलं.

लॅबची वीज मंगळवारी पहाटे गेली. कुप्यांची चिंता नव्हती, इथेनॉलमधलं मांस साध्या हवेतही टिकतं. चिंता एन्झाइमची आणि काढलेल्या डीएनएची. काका आवारातच राहतात. त्यांना फोन केला, तर त्यांनी सांगितलं, “बारणुं खोल्युं ज नथी, बेन.” फ्रीझरचं दार एकदाही उघडलेलं नाही. वर तीन गोधड्या टाकल्या होत्या. पूर आला असताना, स्वतःच्या खोलीत पाणी शिरायच्या बेतात असताना, त्यांनी माझ्या फ्रीझरवर गोधड्या घातल्या. हे मी कधी विसरणार नाही.

आज दुपारी काळ्या घोड्याच्या पुलावरून चालत गेले. दोन्ही बाजूंना गाळ, झाडांच्या फांद्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या. वीज काल रात्री आली होती. फ्रीझर उघडला तेव्हा आतला बर्फ कडेने सुटला होता, पण मधला गोळा तसाच.

४ सप्टेंबर, बुधवार

एन्झाइम तपासलं. भेकाचा डीएनए आणि कोरं पाणी. भेकाला बँड, पाण्याला नाही. चालतंय. पुरानंतर त्याच एन्झाइमने ३५ नमुन्यांचा पीसीआर पुन्हा ताजा केला आणि सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरांचा क्रम वाचून घ्यायला, पाठवला, दोन्ही दिशांनी.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती. काम नाही. यंदा आमच्या पोळात मंडप छोटा, वर्गणीतला मोठा भाग पूरग्रस्तांना.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सिक्वेन्स आले. दोन वाचताच येत नाहीत. एकाच जागी दोन-दोन शिखरं. ३३ स्वच्छ.

एकेक उघडून क्रोमॅटोग्राम पाहिला. चार रंगांच्या लाटा, अ-ट-ग-क. मशीन स्वतः अक्षरं लिहून देतं, पण सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरं आणि शेवटची शंभरेक बेभरवशाची असतात. तिथे पुढची आणि मागची वाचनं समोरासमोर ठेवून हातानेच ठरवावं लागतं. एका नमुन्याला अर्धा तास. हे काम मला फार आवडतं. डोळे दुखतात, पण दुसऱ्या कुठल्याही कामात मी त्या एकट्या बेडकाच्या इतकी जवळ जात नाही.

संध्याकाळी ब्लास्ट, म्हणजे जीनबँक या जगभरच्या डीएनए-संग्रहातल्या नोंदींशी सिक्वेन्स ताडून पाहणं. सगळे इंडिरानाशी जुळत गेले आणि मग १७ नंबर: डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस, १०० टक्के. साधा भेक.

क्षणभर वाटलं, दादाने चुकून भेकाचं बोट भरलं का? मग पीसीआर पट्टीचा नकाशा काढला. १७ च्या शेजारचं घर पॉझिटिव्ह कंट्रोलचं. भरताना माझाच हात घसरला. बोटाचा नमुना घालायचा त्या घरात दुसऱ्यांदा भेक पडला. निगेटिव्ह कोरा होता, म्हणून ही चूक तिथे दिसलीच नाही. भेक इतका वेगळा आहे म्हणून सापडली. उद्या शेजारच्या कुपीतल्या इंडिरानाचा थेंब असा दुसऱ्या घरात पडला, तर मला कळणारही नाही.

आजपासून पॉझिटिव्ह कंट्रोल शेवटच्या घरात, मध्ये दोन घरं रिकामी. १७ पुन्हा मुळापासून.

२५ सप्टेंबर, बुधवार

३२ सिक्वेन्स एकाखाली एक लावले, जीनबँकमधले इंडिरानाचे संदर्भ सिक्वेन्स घेतले आणि नात्यांचं झाड काढलं.

२८ नमुने एका फांदीवर, चिरावासीच्या संदर्भासोबत. त्यांच्यात तीनच हॅप्लोटाइप (अक्षरांचे वेगवेगळे क्रम): २४ जणांचा एक, तिघांचा दुसरा, एकाचा तिसरा. फरक एखाद्या अक्षराचा. यावरून ‘आंबोलीच्या चिरावासींत विविधता कमी’ असं लिहिण्याचा मोह होतो, पण १६एस हे सावकाश बदलणारं जनुक आहे. जाती ओळखायला ते चांगलं, एका डोंगरावरची कुटुंबं मोजायला नाही. त्यासाठी सायटोक्रोम-बी किंवा एनडी-२ सारखं जलद बदलणारं जनुक लागेल. वहीत लाल शाईने लिहून ठेवलंय.

आणि चार नमुने वेगळ्या फांदीवर. २६, २७, २९, ३०. त्या चौघांत आपसांत शून्य फरक, आणि बाकी २८ पासून चांगलंच अंतर. २८ क्रमांकाची कुपी मधली, कोरडी पडलेली.

या चौघांच्या सर्वांत जवळ जीनबँकमध्ये दोन वेगवेगळ्या नावांच्या नोंदी आहेत, जवळपास सारख्याच अंतरावर. त्यातल्या एका नोंदीला ना ठिकाण आहे, ना नमुन्याचा क्रमांक. कुणीतरी कधीतरी एक बेडूक पाहिला, नाव ठरवलं, अक्षरं चढवली. बेडूक कुठे आहे? बाटलीत, कुठल्या संग्रहालयात? आज उत्तर सह्याद्रीतल्या इंडिरानाच्या अनेक जाती आपल्याला माहीत आहेत, पण त्यापूर्वी ‘बेडोमी’ हे एकच नाव सर्रास लावलं जायचं. त्या काळातली नोंद तपासायची कशी, जर प्राणीच नसेल?

मला सी. आर. नारायण राव आठवले. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातले. १९३७ साली त्यांनी सह्याद्रीतल्या कितीतरी बेडकांची वर्णनं प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी ज्यांवरून वर्णन केलं ते मूळ नमुनेच हरवले. त्यांच्या नावांचे खरे धनी कोण, हे ठरवायला पुढच्या अभ्यासकांना दशकं घालवावी लागली. जुन्या ठिकाणी जाऊन, पावसात, रात्री बेडूक शोधून. झुडूपबेडकांच्या राओर्चेस्टिस या प्रजातीला २०१० साली त्यांचं नाव दिलं गेलं ते योग्यच झालं. पण हे धनी शोधण्यात गेलेली माणसं आणि वर्षं किती नव्या जातींना देता आली असती, हेही मनात येतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना

दादाला फोन. २६ ते ३० कुठले?

“आंबोलीचेच.”

“दादा, आंबोलीत कुठे?”

बराच वेळ शांत. मग म्हणाला, “अगं थांब, शेवटच्या रात्री आम्ही घाट उतरून खाली गेलो होतो. ओढ्याच्या कडेला ओल्या कातळावर पाच मिळाले. गावात परत आलो तर आंबोलीच्याच डबीत टाकले.”

म्हणजे चिकटपट्टीवर ‘आंबोली’ लिहिलेल्या डबीत पाच बेडूक घाटाखालचे. माथ्यावरच्या जांभ्याच्या सड्यापासून कित्येकशे मीटर खालचे, वेगळ्या जंगलातले. पश्चिम घाटातल्या बेडकांबद्दल आपल्याला जे थोडं निश्चित कळलंय, त्यात हे पहिलं आहे: त्यांच्यासाठी उंची आणि खिंडी म्हणजे समुद्र. पालघाटची खिंड जेमतेम ३०-४० किलोमीटर रुंद, पण तिच्या दोन बाजूंना कितीतरी गटांत वेगवेगळ्या जाती. ज्या बेडकाला रात्रभर कातडी ओली ठेवावी लागते, त्याला उन्हाळ्यातलं कोरडं मैदान ओलांडता येत नाही. म्हणूनच इथे एकेका गटात एका निबंधात डझन-डझन नव्या जाती निघाल्या. २०११ मध्ये रातबेडकांच्या १२, २०१४ मध्ये नाचऱ्या बेडकांच्या १४. ऐकणाऱ्याला वाटतं एवढ्या नव्या कशा. त्या सगळ्या आधीपासून होत्या, आपण त्यांना एकच समजत होतो.

मी विचारलं, नमुना ठेवलास का एखादा?

“नाही. परवानगी बोटाच्या टोकांपुरतीच होती. पाचही सोडून दिले.”

बरोबर केलं त्याने. तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीत उभी होते. खाली गरब्याचा ढोल लागला होता.

६ ऑक्टोबर, रविवार

दादाने जुना फोन शोधून त्यातले फोटो पाठवले. १,१०० फोटो, बहुतेक धुक्याचे. एक व्हिडिओ फार मोलाचा: सरळ उभा कातळ, वरून पाण्याचा पापुद्रा उतरतोय, आणि त्या पापुद्र्यात इंडिरानाची पिल्लं. डबक्यात पोहणारी गोलगोल पिल्लं नव्हेत ही. लांब सडक शेपटी, मागचे पाय लवकर फुटलेले, कातळाला पोट घट्ट चिकटवून वर सरकतात. पाण्यात म्हणावीत तर पाण्यात नाहीत, जमिनीवर म्हणावीत तर नाहीत. तो पापुद्रा वाळला की संपलं. ओढ्याचं पाणी वर कुणी पाइप टाकून वळवलं, तर खालचा ओढा वाहता दिसेल, पण हा कातळ कोरडा पडेल.

आणि एक फोटो २९ चा. मी ओरडलेच. ओल्या पानावर बेडूक, शेजारी कागदाची चिठ्ठी, शाई पसरलेली पण आकडा वाचता येतो. तपकिरी पाठ, त्यावर लांबट सुरकुत्या, डोळ्यामागे काळा पट्टा. डोळ्याच्या वरच्या भागात सोनेरी रंग, फ्लॅशमध्ये चमकलेला. एक पुढचा पाय पानाखाली. मागचे पाय घडी करून अंगाखाली.

मागच्या पायाच्या बोटांमधला पडदा दिसत नाही. इंडिरानाच्या जाती वेगळ्या करायला तोच हवा. कुठल्या बोटाला पडदा कुठवर जातो, टोकाच्या चकत्या किती रुंद. फोटो आणखी दोन सेकंदांनी घेतला असता तर तो उडी मारायला पाय सोडत असता.

९ ऑक्टोबर, बुधवार

मॅडमसोबत दोन तास. मी म्हटलं, चौघांचं अंतर ३ टक्क्यांच्या वर आहे.

“मग?”

१६एससाठी ३ टक्के हा आकडा बरेच जण वापरतात. २००७ मध्ये अमेझॉन आणि गयानाकडच्या बेडकांवरच्या कामात तो उंबरठा म्हणून वापरला गेला होता, लपलेल्या जातींचा अंदाज घेण्यासाठी. तिथून तो जगभर गेला. मॅडमनी कागदावर दोन वर्तुळं काढली. “अगं, काही जाती दोन टक्क्यांवरही पक्क्या वेगळ्या असतात, वेगळी हाक, वेगळा देह. काही एकाच जातीत चार टक्के फरक सापडतो, कारण डोंगराच्या दोन अंगांना त्या खूप काळ विभागून राहिल्या. आकडा सांगतो कुठे बघायचं. शिवाय हा फक्त आईकडचा इतिहास आहे. मायटोकाँड्रिया बाप देत नाही.” म्हणजे केंद्रकातलं एखादं जनुक, रॅग-१ सारखं, वाचायला हवं, आणि हाक ध्वनिमुद्रित करायला हवी, आणि पाय सोडलेला बेडूक बघायला हवा.

मी विचारलं, मग या चौघांचं आता काय लिहू?

“जेवढं माहीत आहे तेवढं.”

तर असं ठरलं. जीनबँकला देताना: इंडिराना स्पे. (जात ठरलेली नाही), घाटाखालचा ओढा, आंबोलीच्या पायथ्याशी, बोटाचं टोक, पूर्ण नमुना नाही, एका प्राण्याचा फोटो आहे. जवळची दोन नावं मला दिसत असूनही त्यातलं एकही लावणार नाही. मी लावलं तर पाच वर्षांनी कुणीतरी माझी नोंद संदर्भ म्हणून घेईल, आणि त्या बेडकाचं खरं घर आणखी एका थराखाली जाईल. मोठी जांभळी बेडकी, नासिकाबॅट्राकस, तिचं पिल्लू १९१८ पासून कागदावर होतं. प्रौढाचं वर्णन २००३ साली झालं, आणि तेव्हा कळलं की तिचे जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर आहेत. आठ दशकं पिल्लू कागदात थांबलं. माझे चार बोटांचे तुकडे थोडे थांबले तर चालेल.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वनखात्याच्या परवानगीचा अर्ज भरून दिला, पुढच्या जूनसाठी. रात्री शिरगणती आणि ध्वनिमुद्रण, दोन ठिकाणी: वरचा सडा आणि खालचा ओढा. तोंडातून कापसाच्या काडीने लाळेचा नमुना, बोट कापायचं नाही. आणि पूर्ण नमुना लागलाच तर एकच, कुठल्या संग्रहात जाणार हे आधी ठरवून.

नवा फॉर्मही केला, एका पानाचा. वेळ, तापमान, उंची, कातळ ओला की कोरडा, हाक होती का, फोटोंचे क्रमांक. फोटोच्या रकान्यात तीन चौकटी: पाठ, पोट, आणि मागच्या पायाचा पंजा पसरून. आजोबांनी अक्षर चांगलं म्हणून मराठीत मजकूर लिहून दिला, मी छापून आणला. ‘पंजा पसरून’ हे शब्द त्यांचे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

१७ पुन्हा केला, सिक्वेन्स आला. चिरावासी, मोठ्या गटातलाच. आता २९.

आणि आज २८. तीन महिने बाजूला ठेवलेली कोरडी कुपी. दादा म्हणाला होता पाचवा बेडूक तोच, ओढ्यावरचाच. करपलेला कण बफरमध्ये दोन दिवस भिजवला, फुगला, सुटला. प्रोटिनेज दुप्पट, ५६ अंशांवर दोन रात्री. पीसीआर ४० फेऱ्या. पट्टीत डावीकडून पहिलं घर, मग दोन रिकामी, मग पाणी, मग शेवटी भेक.

जेल संध्याकाळी सहाला पाहिलं. काकाही आले बघायला. पाण्याच्या खणात काही नाही. भेक ठळक. २८ च्या खणात फिकट रेघ, लॅडरच्या, म्हणजे शेजारच्या मापपट्टीच्या, ५०० च्या जरा वर, जिथे असायला हवी तिथे.

उद्या कुरियर.